ब्राझीलची लोकवाद्यं इंडी पॉप गाण्यात शिरतात तेव्हा नेमकं काय होतं?

गाणी ऐकवणाऱ्या कुठल्याही अ‍ॅपवर ब्राझीलच्या नव्या पिढीची गाणी लावून पाहा. सुरुवात ओळखीची वाटते. एक गिटार, थोडा सिंथेसायझर, कानाशी बोलल्यासारखा हळू आवाज. भाषा पोर्तुगीज असली तरी चाल लंडनच्या एखाद्या बँडची वाटावी अशी. आणि मग मागून एक आवाज येतो, हसणं आणि कण्हणं यांच्या मधला. माणसाचा म्हणावा तर नाही आणि वाद्याचा म्हणावा तर कुठल्या?

तो आवाज कुईकाचा. कुईका म्हणजे एका बाजूला चामडं ताणलेला छोटा ढोल, पण त्यावर थाप मारत नाहीत. चामड्याच्या आतल्या बाजूला मधोमध एक बारीक काठी बांधलेली असते. वादक मागच्या उघड्या तोंडातून हात घालतो आणि ओल्या फडक्याने ती काठी घासतो. दुसऱ्या हाताचं बोट बाहेरून चामड्यावर दाबलं की आवाज वर चढतो, सोडलं की उतरतो. सांबाच्या मिरवणुकीत शेकडो ढोलांच्या गदारोळातही कुईका स्वतंत्र ऐकू येते. इंडी पॉपच्या शांत गाण्यात तर ती थेट तुमच्या मानेमागे येऊन उभी राहते.

अशी गाणी ऐकून आपल्याकडची पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते, ‘अच्छा, फ्यूजन!’ आणि त्या शब्दाबरोबर आपल्याला जे आठवतं ते फारसं सुखाचं नसतं. गिटार आणि ड्रम चालू आहेत, मध्येच बत्तीस सेकंद तबला येतो, टाळ्या पडतात, तबला जातो आणि गाणं जिथे होतं तिथून पुढे सुरू होतं. ब्राझीलमधली चांगली गाणी अशी ठिगळ लावल्यासारखी का वाटत नाहीत, हे समजून घ्यायचं तर गाणं बनतं कसं तिथपासून सुरुवात करावी लागेल.

इंडी पॉप म्हणजे काय, आणि अडचण कुठे आहे

मोठ्या रेकॉर्ड कंपनीच्या आधाराशिवाय काढलेलं संगीत, एवढाच इंडीचा मूळ अर्थ. आता तो एका शैलीचाही शब्द झाला आहे. तीन-चार मिनिटांचं गाणं, खासगी वाटणारे शब्द, फार न घासलेला-पुसलेला आवाज, बऱ्याचदा घरच्या खोलीत केलेलं ध्वनिमुद्रण.

असं गाणं बहुतेक वेळा एक माणूस गिटार किंवा कीबोर्ड घेऊन लिहितो. आधी कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांचे पुंजके, येतात. त्यावर चाल आणि शब्द. ताल सर्वांत शेवटी येतो आणि तो साधारण एकाच साच्याचा असतो. चार ठोक्यांपैकी पहिल्या-तिसऱ्यावर जाड आवाज, दुसऱ्या-चौथ्यावर कडक आवाज.

ब्राझीलच्या बहुतेक लोकवाद्यांचा क्रम उलटा आहे. तिथे ताल आधी ठरतो, शब्द त्याच्यावर बसतात आणि कॉर्ड असलेच तर दोन-तीन. म्हणून गाणं पूर्ण लिहून झाल्यावर त्यात वाद्य ‘घालायचं’ म्हटलं की ते उपरं दिसतं. उशीर झालेला असतो.

ही वाद्यं आली कुठून

ब्राझीलला ‘परंपरा’ म्हणताना थोडं जपून म्हणावं लागतं, कारण तिथली वाद्यं तीन खंडांतून गोळा झालेली आहेत. पोर्तुगीजांनी तार असलेली वाद्यं आणली. काव्हाकीन्यू हे चार पोलादी तारांचं चिमुकलं गिटारसारखं वाद्य पोर्तुगालचंच. त्याचा एक भाऊ मदेइरा बेटावरून १८७९ मध्ये जहाजाने होनोलुलूला गेला आणि तिथे त्याचं उकुलेली झालं. इंडी पॉपवाल्यांना उकुलेलीचं जे वेड आहे, त्यामागे हे नातं आहे हे त्यातल्या किती जणांना ठाऊक असेल कोण जाणे. (त्याच पोर्तुगीज जहाजांच्या जाळ्यातून ब्राझीलचा काजू गोव्याला आला. त्यामुळे या व्यापाराची चव आपल्यालाही आहे.)

दुसरा प्रवाह आफ्रिकेचा, आणि तो स्वखुशीने आलेला नव्हता. गुलामगिरीच्या काळात सुमारे ४८ लाख आफ्रिकी माणसं ब्राझीलमध्ये आणली गेली. गुलामगिरी १८८८ मध्ये संपली. बेरिंबाऊ आणि कुईका या वाद्यांची मुळं आफ्रिकेत, अंगोलाच्या परिसरात सापडतात. तिसरा प्रवाह तिथल्या मूळ आदिवासींचा. त्यांच्या खुळखुळ्यांचं आणि बासऱ्यांचं देणं पुढच्या वाद्यांत मिसळून गेलं.

यातला बेरिंबाऊ नीट पाहण्यासारखा आहे. दीड मीटरच्या आसपास लांबीची लवचिक काठी धनुष्यासारखी वाकवून तिला एक पोलादी तार ताणतात. ही तार पुष्कळदा जुन्या टायरच्या आतून काढलेली असते. खालच्या टोकाजवळ पोकळ भोपळा बांधतात. डाव्या हाताच्या करंगळीवर अख्खं वाद्य तोलायचं, त्याच हाताने एक नाणं किंवा दगड तारेला लावायचा, उजव्या हाताने बारीक काठीचा ठोका द्यायचा आणि त्याच उजव्या हातात बियांचा एक छोटा खुळखुळाही धरायचा. दगड न लावता वाजवला की खालचा स्वर, घट्ट दाबला की साधारण एक स्वर वर, नुसता टेकवला की झणझण. भोपळा पोटाला टेकवला-सोडला की तोच आवाज बंद-उघड होतो. एवढीच सामग्री, पण कापोएराचा सगळा खेळ त्यावर चालतो. कापोएरा ही कुस्ती, नाच आणि गाणं यांची मिळून झालेली ब्राझिलियन कला. खेळ हळू चालेल की वेगात, हे बेरिंबाऊ ठरवतो, खेळाडू नाही. मुंबईतही आता कापोएराचे वर्ग चालतात, तेव्हा बेरिंबाऊ बघायला ब्राझीलमधल्या साल्व्हादोर शहरालाच जायला हवं असं नाही.

पांदेइरू हातात धरायचा डफ आहे, कडेला पितळी चकत्या लावलेला. पण चकत्या खोलगट असल्यामुळे त्यांचा आवाज लांबत नाही, तुटक पडतो. अंगठा, बोटांची टोकं, तळव्याचा खालचा भाग आणि मधोमध थाप, असे चार वेगळे आवाज एकाच तळहातातून निघतात. याच्याबद्दल पुढे बोलू, कारण या लेखातलं सर्वांत हुशार वाद्य तेच आहे.

बाकीची पटकन. सुर्दू हा सांबाचा मोठा ढोल. झाबुंबा हा ईशान्य ब्राझीलचा पसरट ढोल, वरून जाड काठी आणि खालून बारीक छडी. अल्फाया हा रेसिफे शहरातल्या माराकातू मिरवणुकांचा दोरीने ताणलेला जड ढोल. राबेका हे खेड्यातलं ओबडधोबड व्हायोलिन, पिफानु ही बांबूची बासरी, आणि व्हिओला काइपिरा हे साओ पावलो, मिनास जेराइसच्या ग्रामीण भागातलं दहा तारांचं वाद्य, तारा पाच जोड्यांत लावलेल्या. बाइया राज्यातल्या ग्रामीण सांबात तर बशीवर सुरी घासून ताल धरतात, आणि तो ऐकायला अतिशय सुंदर लागतो.

जागा कोण देणार?

आता मुख्य अडचणीकडे. प्रत्येक आवाजाला कंपनांची एक पट्टी असते, म्हणजे तो किती खालचा किंवा वरचा आहे ते. बास गिटारची सर्वांत खालची तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते, पांदेइरूच्या चकत्यांची झणझण काही हजारांत असते. एकाच पट्टीत दोन आवाज आले की दोन्ही गढूळ होतात.

मुंबईच्या लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथा येतो, तेव्हा काय होतं ते आठवा. तो कोणाच्या मांडीवर बसत नाही. आधीचे तिघं चार-चार बोटं सरकतात, कोणी बॅग मांडीवर घेतो, आणि चौथा बसतो. कोणी सरकलंच नाही तर तो उभा राहतो, आणि अख्ख्या प्रवासात तो ‘आलेला’ माणूस राहतो.

गाण्यातही तसंच. झाबुंबा आणायचा असेल तर ड्रमसेटमधला पायाने वाजणारा मोठा ढोल आणि बास गिटार यांपैकी कोणाला तरी सरकावं लागतं. काव्हाकीन्यू आणायचं तर गिटारवाल्याने वरच्या तारांवरची किणकिण सोडावी लागते. पांदेइरूच्या चकत्या आणि गायिकेचे ‘स’, ‘श’ एकाच पट्टीत येतात, तेव्हा ध्वनिमुद्रण करणाऱ्याला एकाला मागे सारावं लागतं. ठिगळ वाटणाऱ्या फ्यूजनमध्ये कोणीच सरकलेलं नसतं. लोकवाद्य उभं असतं.

शब्दांनाही हलावं लागतं

आवाजाची जागा झाली की वेळेची जागा. आठ मात्रांचा केरवा आपल्या कानाला चार-चार असा विभागलेला सवयीचा आहे. ईशान्य ब्राझीलच्या बाइआंव या तालात त्याच आठ मात्रांची फोड ३-३-२ अशी होते. ‘एक-दोन-तीन, एक-दोन-तीन, एक-दोन’ असं म्हणत प्रत्येक ‘एक’वर टाळी द्या. दुसरी टाळी अपेक्षेच्या थोडी आधी येते आणि शरीर आपोआप पुढे ढकललं जातं. जिथे ठोका हवा तिथे न देता अलीकडे-पलीकडे देण्याच्या या युक्तीला सिंकोपेशन म्हणतात. सांबात तर वजन पहिल्या ठोक्यावर नसतंच. सुर्दूचा खोल आवाज दुसऱ्यावर पडतो.

गीतकाराच्या दृष्टीने याचा अर्थ काय? त्याने गिटारवर चार-चारच्या हिशेबाने शब्द बसवले असतील आणि नंतर खाली ३-३-२ आलं, तर शब्दांतलं वजन भलत्याच अक्षरावर पडतं. ओळ लंगडते. मग ओळच नव्याने लिहावी लागते. ईशान्येकडच्या पाराइबा राज्याचा जॅक्सन दो पांदेइरू (१९१९–१९८२) हा गायक ओळी अशा काही तोडून आणि सरकवून म्हणायचा की आजही ब्राझीलमधले गायक त्याच्याकडून शिकतात. त्याच्या नावातच पांदेइरू आहे. त्याचं गाणं हातातल्या वाद्याने घडवलं होतं, उलट नाही.

आणखी एक बारीक गोष्ट. सांबात एका ठोक्याच्या आत जे चार छोटे भाग असतात, ते घड्याळाच्या काट्यासारखे समान अंतरावर पडत नाहीत, काही किंचित आधी येतात. कागदावर हे लिहिता येत नाही. संगणकावर गाणं जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र एक सोय असते, सगळे ठोके ओढून समान चौकटीत बसवण्याची. ती कळ दाबली की सांबा तत्क्षणी मेलेला असतो. ठोके तेच राहतात, नाच जातो.

डफाने ड्रमसेटची नोकरी घेतली

सिद्धांत पुरे, आता एक उदाहरण सावकाश पाहू. १९९३ मध्ये लेनीनी हा रेसिफेचा गायक-गिटारवादक आणि मार्कोस सुझानो हा रिओचा तालवादक यांनी मिळून ‘ओल्यू जि पेइशी’ नावाचा अल्बम काढला. त्याचा कणा म्हणजे एक गिटार, एक आवाज आणि पांदेइरू.

सुझानोने काय केलं? पांदेइरूचं चामडं नेहमीपेक्षा सैल ठेवलं, म्हणजे अंगठ्याचा ठोका खूप खोल गेला. वाद्याला छोटा माइक जोडला, म्हणजे तो खोल ठोका मोठ्या ढोलासारखा ऐकू येऊ लागला. आणि हाताचा क्रम उलटा केला. परंपरेने पहिला ठोका अंगठ्याचा, याने सुरुवात बोटांनी केली. त्यामुळे जाड आवाज अनपेक्षित जागांवर पडू लागले. आता मोजा. अंगठा म्हणजे मोठा ढोल, थाप म्हणजे कडक आवाजाचा स्नेअर, चकत्या म्हणजे झांजा. चार-पाच वस्तूंचा ड्रमसेट एका तळहातात आला, आणि खोलीत इतकी जागा रिकामी झाली की लेनीनीची गिटार हवी तेवढी हातपाय पसरू शकली.

इथे पांदेइरू पाहुणा नव्हता. त्याला काम दिलं होतं, आणि ते न झालं तर गाणं उभंच राहिलं नसतं. माझ्या मते या सगळ्या विषयाची एकमेव खरी कसोटी हीच आहे. ते वाद्य मनातल्या मनात बंद करून पाहा. गाणं जसंच्या तसं चालू राहिलं तर ती सजावट होती.

चिखल आणि अँटेना

रेसिफे हे नद्या आणि खारफुटीच्या दलदलीवर वसलेलं शहर. १९९२ च्या सुमारास तिथल्या काही तरुणांनी एक जाहीरनामा काढला. चिखलात रोवलेली सॅटेलाइट अँटेना हे त्यांचं चिन्ह आणि मेंदू असलेले खेकडे हे त्यांचं स्वतःला दिलेलं नाव. शिको सायन्स हा त्यातला मुख्य चेहरा. तो ओलिंदाजवळच्या पेइशिन्योस वस्तीतल्या लामेंतो नेग्रो या ढोलपथकाच्या सरावाला जाऊ लागला आणि त्यातूनच नासाओ झुंबी हा बँड तयार झाला. त्यांचा पहिला अल्बम ‘दा लामा आओ काओस’ १९९४ मध्ये आला.

त्या बँडची मांडणी पाहिली तर बाकाचा हिशेब लगेच कळतो. रॉक बँडच्या मध्यभागी जो ड्रमसेट असतो त्याच्या जागी अल्फाया उभ्या केल्या होत्या. इलेक्ट्रिक गिटार कर्कश आणि जड होती, पण वरच्या पट्टीत. तळ पूर्ण ढोलांकडे. शिको सायन्स त्यावर निम्मं बोलत, निम्मं गात असे. हा आवाज काही नाजूक पॉप नव्हता, पण आजच्या ब्राझिलियन इंडीला ‘आपल्या गावचा ढोल आणि जगाचं संगीत यांत निवड करायची गरज नाही’ ही मुभा इथून मिळाली. शिको सायन्स फेब्रुवारी १९९७ मध्ये मोटार अपघातात गेला, वयाच्या तिसाव्या वर्षी. बँड पुढे चालू राहिला.

‘पण याने परंपरा बिघडत नाही का?’

हा आक्षेप ब्राझीलमध्ये आपल्यापेक्षा मोठ्या आवाजात घेतला गेला आहे. जुलै १९६७ मध्ये साओ पावलोच्या रस्त्यावर इलेक्ट्रिक गिटारच्या विरोधात चक्क मोर्चा निघाला. गायिका एलिस रेजिना त्यात पुढे होती, आणि गायक-गीतकार जिल्बर्टो जिलही त्यात चालला होता. गंमत पुढे आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दूरदर्शनवरच्या गाण्याच्या स्पर्धेत तोच जिल ओस मुतान्तेस या रॉक बँडला घेऊन रंगमंचावर आला. कापोएराच्या तालावरचं गाणं, त्यात बेरिंबाऊ, वाद्यवृंद आणि इलेक्ट्रिक गिटार, सगळं एकत्र. दुसरं बक्षीस मिळालं. या आणि काएतानो व्हेलोझोच्या गाण्यांतून जी चळवळ उभी राहिली ती त्रोपिकालिया. लष्करी सरकारने पुढच्या वर्षाअखेरीस दोघांना अटक केली आणि मग त्यांना लंडनला जावं लागलं. तोच जिल २००३ ते २००८ या काळात ब्राझीलचा सांस्कृतिक मंत्री होता.

आक्षेपाचं उत्तर मात्र या गोष्टीत नाही, ते वाद्यांच्या जन्मात आहे. आज ‘अस्सल’ मानलं जाणारं फोहो या ईशान्येकडच्या नाचाच्या संगीताचं त्रिकूट, म्हणजे अकॉर्डियन, झाबुंबा आणि लोखंडी त्रिकोण, हे विसाव्या शतकाच्या मध्याला लुईझ गोन्झागा या रेडिओवरच्या लोकप्रिय गायकाने जमवलं. अकॉर्डियन युरोपातून आलेलं. त्रिकोण त्याला रेसिफेच्या रस्त्यावर खाऊ विकणाऱ्या फेरीवाल्याच्या हातात दिसला, अशी त्याने सांगितलेली गोष्ट आहे. सांबाचा सुर्दू तर १९२० च्या दशकाच्या शेवटी रिओच्या एस्तासिओ भागातल्या बिजी नावाच्या वादकाने लोण्याच्या मोठ्या डब्याला चामडं लावून केला, असं सांगतात. म्हणजे ज्यांचं पावित्र्य राखायचं, ती वाद्यं कोणीतरी धाडस करून जुळवलेली होती, आणि त्यातल्या काही माणसांची नावं आपल्याला माहीत आहेत.

नाटककार आरियानो सुआसुना याला रॉकची ही सरमिसळ पसंत नव्हती. त्याने १९७० मध्ये आर्मोरियल नावाची चळवळ सुरू केली होती. लोककलेतून उच्च दर्जाची ब्राझिलियन कला घडवायची हा तिचा हेतू. त्यातून राबेका, पिफानु, व्हिओला यांना मैफलीच्या संगीतात आणलं गेलं. म्हणजे सरमिसळ त्यालाही हवीच होती, फक्त कोणाशी, यावर भांडण होतं. सगळीच भांडणं अशी असतात.

बिघडण्याचा धोका अजिबात नाही असं मात्र मी म्हणणार नाही. सीबा या वादकाचं उदाहरण घ्या. नव्वदच्या दशकात मेस्त्री आंब्रोझियो या बँडमधून त्याने राबेका शहरी श्रोत्यांपर्यंत नेली. मग तो नाझारे दा माता या ऊसपट्ट्यातल्या गावी जाऊन राहिला, तिथल्या माराकातूच्या शाहिरांबरोबर गायला, तिथल्याच वादकांना घेऊन त्याने बँड केला. २०१२ मध्ये ‘आव्हान्ची’ या अल्बमसाठी पुन्हा इलेक्ट्रिक गिटार उचलली, तेव्हा शब्दांची ठेवण त्या गावची होती. असा वेळ न देता दोन दिवसांत कोणीतरी बोलावून वाजवून घेतलेली राबेका ऐकली की फरक लपत नाही.

‘संगणकात सगळे आवाज तयार मिळतात, मग?’

मिळतात, आणि वापरतातही. पण तयार आवाज हा एका ठोक्याचा फोटो असतो. बेरिंबाऊचा दगड तारेवर किती जोरात टेकला यावर प्रत्येक वेळी स्वर वेगळा लागतो, भोपळा पोटापासून किती दूर आहे यावर त्याचा रंग बदलतो, आणि खुळखुळा त्याच मनगटाला जोडलेला असल्यामुळे त्याच्याबरोबरच हलतो. हे तीन आवाज वेगवेगळे विकत घेऊन जुळवले तर अचूक बेरिंबाऊ तयार होतो, जो कोणी कधी वाजवलेला नाही.

शिवाय खऱ्या बेरिंबाऊची पट्टी तार आणि काठी ठरवतात. गाणं त्या पट्टीत आणावं लागतं. संगणक वाद्याला गाण्याच्या पट्टीत आणतो. कोणी कोणासाठी वाकायचं, हा प्रश्न पुन्हा तिथेच येतो.

‘ही चोरी नाही का? पैसे कोणाला मिळतात?’

कायदा पाहिला तर वाद्याच्या आवाजावर किंवा पारंपरिक तालावर कोणाची मालकी नसते. मालकी चालीवर, शब्दांवर, ध्वनिमुद्रणावर असते. ब्राझीलचा १९९८ चा कॉपीराइट कायदा अज्ञात कर्त्याच्या रचना सर्वांसाठी खुल्या मानतो, पण पारंपरिक ज्ञानाच्या संरक्षणाचा अपवाद ठेवून. प्रत्यक्षात तो अपवाद गावातल्या वादकाच्या किती कामी येतो, हा निराळा विषय.

कायद्याच्या पलीकडे इतिहास आहे, आणि तो अंगावर येतो. १८९० च्या दंडसंहितेत कापोएरा हा गुन्हा होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रिओमध्ये पांदेइरू हातात दिसला म्हणून पोलीस माणसाला पकडत. जोआंव दा बाइयाना या काळ्या वादकाचा पांदेइरू पोलिसांनी काढून घेतला, तेव्हा पिन्येइरो माशादो नावाच्या सिनेटरने त्याला नवा करून दिला, आणि पोलिसांनी पुन्हा हात लावू नये म्हणून त्यावर स्वतःची अर्पणाक्षरं कोरून दिली. पुढे १९३० च्या दशकात सरकारने त्याच सांबाला राष्ट्राची ओळख म्हणून मिरवलं. ज्या आवाजासाठी कोणाचे आजोबा तुरुंगात गेले, तो आवाज आज सुखवस्तू घरातल्या मुलाच्या अल्बममध्ये ‘वातावरणनिर्मिती’ म्हणून येतो, तेव्हा लोक चिडतात. त्यांचं चिडणं मला रास्त वाटतं. निदान वादकाचं नाव श्रेयनामावलीत ठळक असावं आणि चाल त्याची असेल तर हिस्साही त्याचा असावा.

पॉल सायमन या अमेरिकी गायकाने १९९० च्या अल्बमसाठी साल्व्हादोरच्या ओलोदुम या ढोलपथकाचं वादन तिथल्या चौकातच ध्वनिमुद्रित केलं. ओलोदुमचं नाव जगभर झालं. त्यात कोणाचा किती फायदा यावर वाद झाले, पण ढोल त्या गाण्याचा पाया होते, नक्षी नव्हेत, हे ऐकणाऱ्याला पहिल्या दहा सेकंदांत कळतं.

आणि काही ढोल उपासनेचे आहेत. कांदोम्ब्ले या आफ्रो-ब्राझिलियन धर्मात आताबाकी नावाचे तीन ढोल देवतांना बोलावतात, त्यांना स्वतःला नैवेद्य असतो. त्यांना कापोएराच्या बेरिंबाऊच्या मापाने मोजता येत नाही.

वाद्य नसतानाही वाद्य

यातून एक वाट निघते, आणि मला तीच सर्वांत रोचक वाटते. वाद्य आणायचंच नाही, त्याचं काम दुसऱ्याला शिकवायचं. १९५८ मध्ये जोआंव जिल्बर्टो या गायकाने बोसा नोव्हा या सांबातून निघालेल्या शांत शैलीची जी गिटार वाजवली, त्यात अंगठा सुर्दूचं काम करतो आणि बाकीची बोटं तांबोरीं या छोट्या ढोलाचं. अख्खं सांबापथक एका खोलीत, शेजाऱ्याला त्रास न होता. बेडन पॉवेल या ब्राझिलियन वादकाने गिटारवरच बेरिंबाऊची झणझण काढून दाखवली. आजच्या साओ पावलोतला मेता मेता हा बँड कांदोम्ब्लेच्या तालांची वळणं गिटार आणि सॅक्सोफोनवर उतरवतो. तिथल्या इंडी गिटारवादकाचा उजवा हात न्यूयॉर्कच्या वादकापेक्षा वेगळा का चालतो, त्याचं कारण या घराण्यात आहे.

ऐकायचं कुठून

लेनीनी-सुझानोच्या १९९३ च्या अल्बमपासून, हेडफोन लावून, आणि पहिल्या वेळी फक्त अंगठा ऐका. मग नोव्होस बाइयानोस या कम्यूनमध्ये राहणाऱ्या मंडळींचा १९७२ चा ‘आकाबो शोरारी’, ज्यात काव्हाकीन्यू, पांदेइरू आणि इलेक्ट्रिक गिटार एका घरात सुखाने नांदतात. २००७ मध्ये ब्राझीलच्या ‘रोलिंग स्टोन’ मासिकाने त्याला देशातला सर्वोत्तम अल्बम ठरवलं. नंतर सेऊ, तुलिपा रुईझ, बाइयानासिस्टेम, लोस एर्मानोस, ज्या क्रमाने सापडतील तसे.

नासाओ झुंबी मात्र मोबाइलच्या स्पीकरवर लावू नका. अल्फायाचा तळ त्या छोट्या स्पीकरमधून बाहेरच येत नाही, आणि उरते ती फक्त गिटार.